गर्भाची पिशवी खाली आलीय, कंबरही दुखते. उभं राहण्या-बसण्याची पद्धत बदलून फरक पडतो का?

कृष्णाकाठची

नमस्कार मैत्रिणींनो. मी सांगलीची, वय ५१, पाळी जाऊन दोनेक वर्षं झाली. दोन बाळंतपणं, दोन्ही नॉर्मल. थोरल्याच्या वेळी बाळ मोठं होतं, चिमटा लावावा लागला होता. घराच्या पुढच्या खोलीत माझं पोळीभाजी केंद्र आहे. सकाळी कणीक मळायला उभी राहते ती दुपारचे डबे जाईपर्यंत ओट्यापासून हलत नाही. मदतीला एक ताई येतात, पण आट्याचं पोतं ओढणं आणि मोठा कुकर उतरवणं माझ्याकडेच.

गेल्या पावसाळ्यापासून दुपार झाली की खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटतं, ओढ लागते. आंघोळ करताना हाताला मऊ फुगवटा लागला तेव्हा मी घाबरले. सकाळी उठल्यावर काहीच नसतं. लघवीला जाऊन आले तरी थोडी राहिल्यासारखी वाटते. संध्याकाळी माकडहाडाच्या वर कंबर इतकी भरून येते की भाकरीचं पीठ मळायलाही नको वाटतं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. मूत्राशय पुढच्या बाजूने खाली आलंय, दुसरी स्टेज आहे, पिशवीही थोडी उतरलीय. घाई नाही, पण पुढेमागे पिशवी काढून टाकू म्हणाल्या. तोवर खालचे स्नायू आवळायचे व्यायाम करा एवढंच सांगितलं, कसे करायचे ते दाखवलं नाही.

मोबाइलवर एका व्हिडिओत सांगतात, कमरेला कमान ठेवा, पोट सैल सोडा, अवयव आपोआप पुढे जागेवर जातात, आवळायचे व्यायाम मुळीच करू नका. आमच्या योगवर्गाच्या बाई म्हणतात, माकडहाड आत घ्या, पोट आत ओढा. दोघींचं सांगणं एकमेकींच्या उलट. धाकटीचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आहे, डबे बंद ठेवणं मला परवडणारं नाही. उभं राहून काम करतच हे सांभाळता येतं का? कुणी सांभाळलंय का?

रत्नागिरीकर

ताई, माझ्या सासूबाईंचं अंग बाहेर आलं होतं. भातलावणी, डोक्यावरून गवताचे भारे, सगळं करून सत्तरीपर्यंत कुणाला बोलल्या नाहीत. फडकं बांधून वावरायच्या. कळल्यावर तालुक्याला नेलं. हृदयाचा त्रास असल्यामुळे ऑपरेशनऐवजी रिंग बसवली. रिंग म्हणजे सिलिकॉनची कडी असते, आत बसते आणि वरचं खाली येऊ देत नाही. अजून तीच वापरतात, ठरल्या वेळी दवाखान्यात जाऊन साफ करून घेतात. तुमच्या डॉक्टरांना रिंगबद्दल नक्की विचारा. पुष्कळदा आपण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

मोकळा_श्वास

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. पुण्यात बायकांच्या ओटीपोटाच्या तक्रारींवरच काम करते. दुसऱ्या बाळंतपणानंतर मलाही दुसऱ्या स्टेजचा हाच त्रास झाला, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तुमच्या भीतीबद्दल. दुसरी स्टेज म्हणजे उतरलेला भाग योनीच्या तोंडापासून साधारण एक सेंटिमीटर आत ते एक सेंटिमीटर बाहेर, इतक्या टप्प्यात असतो. रात्रभर आडवं राहिल्यावर भार निघतो, म्हणून सकाळी काही जाणवत नाही. हे जिवावरचं दुखणं नाही. ऑपरेशन करायचं की नाही हे तुम्हाला त्रास किती होतो त्यावर ठरतं, स्टेजच्या आकड्यावर नाही. आणि पिशवी काढली म्हणजे प्रश्न मिटला असंही नसतं. मूत्राशय उतरलं असेल तर ते वेगळं सांधावं लागतं. पिशवी काढल्यानंतर योनीचा वरचा भागच खाली उतरल्याच्या बायका मी पाहते. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्याचं सगळ्या महाराष्ट्राने वाचलं. त्यानंतर तरी 'पिशवी काढून टाकू' हे वाक्य ऐकलं की 'का, आणि दुसरं काय करता येईल' हे आपण विचारलंच पाहिजे.

आता उभं राहणं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू पुढच्या, लघवीच्या जागेवरच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखे बांधलेले असतात. कमरेला मूळची हलकी कमान असली की वरचा भार काही अंशी त्या पुढच्या हाडावर आणि पोटाच्या भिंतीवर येतो. माकडहाड आत दुमडून उभं राहिलं की तो सरळ खालच्या वाटेवर येतो. प्रोलॅप्स, म्हणजे असे अवयव खाली उतरणं, असलेल्या बायकांमध्ये ही कमान कमी असल्याचं काही अभ्यासांत दिसलंही आहे. तेवढ्यापुरतं व्हिडिओतल्या बाईंचं बरोबर आहे. पण कमान ठेवल्याने अवयव जागेवर परत जातात हे कुणी सिद्ध केलेलं नाही. आणि कमान मुद्दाम वाढवून तासन् तास लाटत राहिलात तर कंबर आणखी धरेल. योगवर्गातल्या बाईंचं पोट सतत आत ओढणंही तुमच्यासाठी नको, कारण वरून आवळलेला दाब खालीच जातो.

म्हणून दोन्ही टोकं सोडा. तळवे पूर्ण टेकवा, गुडघे ताठ कुलूपबंद न करता जरा मोकळे ठेवा, बरगड्या कमरेच्या बरोबर वर, डोकं वर उचलल्यासारखं. पोट ना ओढलेलं ना ढकललेलं, श्वास आत घेताना ते फुगू द्या.

तुमच्या बाबतीत मला खरा संशय ओट्याचा आहे. पोळी लाटताना हात कोपरापेक्षा दहा-पंधरा सेंटिमीटरच खाली असावेत. ओटा त्याहून खाली असेल तर माणूस कमरेतून वाकतो, पोट कडेला टेकवतो आणि लाटण्यावर जोर देताना श्वास रोखतो. प्रत्येक पोळीला हेच, आणि तुम्ही रोज किती पोळ्या करता ते तुम्हालाच माहीत! पोळपाटाखाली जाड लाकडी फळी घालून उंची वाढवा. पायाशी एक पाट ठेवा आणि एकेक पाय आलटून पालटून त्यावर घ्या, कंबरेला लगेच बरं वाटतं. वाकायचं झालं तर कमरेऐवजी जांघेतून वाका. भाजी निवडणं, चिरणं, डबे भरणं ही कामं बसून करा, पण खुर्चीत घसरून नको. घसरून बसण्यापेक्षा आधार न घेता ताठ बसलं की तळाचे स्नायू जास्त जागे राहतात, हे मोजून पाहिलेलं आहे. डबे गेल्यावर कमरेखाली उशी घेऊन, पाय भिंतीला लावून दहा-पंधरा मिनिटं पडा. ओढ कमी होते. ही वेळ चैनीची समजू नका, कामाचाच भाग समजा.

पोतं ओढणं बंद. आटा पाच-पाच किलोच्या पिशव्यांतच मागवा. कुकर उतरवायची वेळ आली तर आधी खालचे स्नायू आवळून वर ओढा, मग तोंडाने श्वास सोडत उचला. खोकला, शिंक, हसू, सगळ्याला हीच सवय. बद्धकोष्ठ असेल तर ते आधी सोडवा, कारण कुंथण्याइतका सरळ खाली जाणारा दाब दुसरा नाही. देशी संडास असेल आणि गुडघे साथ देत असतील तर उकिडवं बसणं चांगलंच, फक्त जोर लावू नका. कमोड असेल तर पायाखाली लहान स्टूल घ्या, कोपरं मांडीवर टेका. लघवी राहिल्यासारखी वाटते तेव्हा उठून जरा चाला, पुन्हा बसा, पुढे झुका. दुसऱ्यांदा बरीच निघते.

व्यायामाबद्दल मी ठाम आहे. डॉ. आर्नल्ड कीगल यांनी १९४८ मध्ये तळाच्या स्नायूंच्या व्यायामाबद्दल लिहिलं, आणि सौम्य प्रोलॅप्समध्ये आज सगळ्यात भक्कम पुरावा याच व्यायामाचा आहे. २०१४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ४४७ बायकांवरची चाचणी आली. ज्यांना फिजिओने एकेकटीला बसवून व्यायाम शिकवला त्यांचा त्रास वर्षाच्या शेवटी कमी होता. उपचार कसे करावेत हे सुचवणारी ब्रिटनची नाइस संस्था पहिल्या-दुसऱ्या स्टेजला देखरेखीखाली किमान १६ आठवडे हा व्यायाम सुचवते. 'मुळीच करू नका' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

करायचं असं. आडवं पडा, गॅस अडवतो तसं मागून आवळा, ते आवळणं पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणून वर उचला. ढुंगण, मांड्या, पोट सैल. श्वास चालू. आठ-दहा सेकंद जमेल तेवढं धरा आणि तेवढाच वेळ पूर्ण सोडा. सोडणंही तितकंच गरजेचं आहे. असं दहादा, मग दहा झटपट, दिवसातून तीन वेळा. जमायला लागलं की बसून, मग ओट्यापाशी उभ्याने. चालू लघवी अडवून सराव करू नका. एकदा तरी जाणत्या फिजिओकडून तपासून घ्या. आवळतेय असं वाटत असताना खाली ढकलणाऱ्या बायका रोज येतात माझ्याकडे, आणि ढकलण्याने नुकसान होतं.

कंबरदुखी सगळी प्रोलॅप्सवर टाकू नका. ओढ लागल्यासारखी, दुपारनंतर वाढणारी, पडल्यावर थांबणारी दुखी त्याची असू शकते. पायात उतरणारी कळ, मुंग्या, सकाळचा ताठरपणा असेल तर मणका तपासायला हवा. प्रोलॅप्सचं ऑपरेशन होऊनही कंबर तशीच दुखणाऱ्या बायका आहेत, कारण ती दुखी ओट्याची होती. लघवी अजिबात न होणं, पाळी गेल्यावर रक्त दिसणं, बाहेर आलेल्या भागाला जखम, किंवा बसायच्या जागेची संवेदना जाणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना.

चंद्रपूरची_आशा

मी आशा कार्यकर्ती. आमच्या शेजारच्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, १९८९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ९२ टक्के बायकांना तपासणीत काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि आधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. ताई, तुम्ही तपासून आलात, इथे लिहिलंत, हे फार बरं केलंत. मी गावात विचारते तेव्हा बायका आधी 'कंबर दुखते' एवढंच सांगतात. दोन-तीनदा घरी गेलं, दार लोटून बसलं, की मग खालचं सांगतात. सासू किंवा नवरा समोर असेल तर कधीच नाही.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. आजच फळी घातली. ओटा खरंच खाली आहे, सासूबाईंच्या उंचीचा बांधलेला. फळीने खांदे वर चढत नाहीत ना एवढं बघतेय. आटेवाल्याला पाच किलोच्या पिशव्या सांगितल्या, तो किलोमागे थोडे जास्त घेणार, चालेल.

एक विचारायचं राहिलं. मी आवळते तेव्हा वर जातंय की खाली ढकललं जातंय हे घरच्या घरी कसं कळेल? आणि रिंग घातली तर उभं राहून काम करता येतं का? कोरडेपणाही आहे, त्याने टोचेल का?

मोकळा_श्वास

आडव्या पडून खाली छोटा आरसा धरा. आवळल्यावर ती जागा आत आणि वर जायला हवी, आणि मागे गुदाचं तोंड मिटताना दिसायला हवं. फुगवटा पुढे आला तर तुम्ही ढकलताय. मग थांबा, श्वास सोडता सोडता निम्म्या जोराने पुन्हा करून बघा. तरी नाही जमलं तर घरी रेटू नका, फिजिओला दाखवा. मोठ्या सरकारी रुग्णालयांत फिजिओथेरपी विभाग असतो, तिथे स्त्री फिजिओ मागून घ्या.

रिंगचं माप बरोबर असेल तर ती जाणवतच नाही. उभं राहणं, चालणं, पोळ्या लाटणं सगळं होतं. पहिलं माप चुकू शकतं, सरकली किंवा टोचली तर दुसरं बसवून घ्यायचं, नाउमेद व्हायचं नाही. कित्येक जणी ती स्वतः काढून साबणाने धुऊन परत घालतात. ज्यांना ते नको वाटतं त्या काही महिन्यांनी दवाखान्यात जातात. कोरडेपणासाठी योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम मिळतं, पण ते डॉक्टरांना विचारूनच, आणि स्तनाचा कर्करोग कधी झाला असेल तर ते आधी सांगायचं. खांद्यांचं तुमचं बरोबर आहे. ते वर चढले तर फळी जाड झाली, निम्म्या जाडीची घाला.