खेळायला आठशे रुपये? प्ले थेरपीबद्दल तुमचं मत काय?

रंकाळ्यावरचा: भाचा सात वर्षांचा. घरी तोंड बंद होत नाही, शाळेत मात्र वर्षभर एक शब्द नाही. बाई म्हणाल्या, प्ले थेरपीला, म्हणजे खेळातून उपचाराला न्या. इथं कोल्हापुरात राजारामपुरीत चौकशी केली : पाऊण तासाचे आठशे, आठवड्यातून एकदा, किती आठवडे ते आधी सांगता येत नाही. आत काय? वाळू, बाहुल्या, प्लॅस्टिकचे प्राणी. अहो, वाळू पंचगंगेच्या घाटावर फुकट आहे!

तालीमवाला: बरोबर भावा. दोन महिने लाल मातीत घोळवा, पोपटागत बोलतंय बघा. आता घरात चार माणसं नि पाच मोबाईल. पोरगं बोलणार कुणाशी?

कुंभारगल्ली: माझं ऐका. २०२१ च्या पुरात आम्हाला रात्री घर सोडावं लागलं. मुलगी सहा वर्षांची. पुढं दोन पावसाळे ती रोज विचारायची, "राजाराम बंधारा किती फुटांवर?" त्रेचाळीस फुटांना पंचगंगेची धोक्याची पातळी, हे तिला पाढ्यांआधी पाठ. आम्ही समजावलं, रागावलो, अंगारा लावला. थेरपीत ती तीन आठवडे वाळूत घर करायची आणि त्यावर पाणी ओतायची. ताई नुसत्या शेजारी बसायच्या. चौथ्या खेपेला तिनं घराशेजारी होडी ठेवली. मी हे घरी करू दिलं असतं? पहिल्याच तांब्याला ओरडले असते.

तालीमवाला: ताई, वाईट वाटलं वाचून. पण पोर मोठं झालं की भीती आपसूक जाते. थेरपीनंच गेली कशावरून?

कुंभारगल्ली: नाही सांगता येणार. पण त्या दोन वर्षांत आपसूक गेली नव्हती, एवढं खरं.

एमए_मानसशास्त्र: तालीम वाईट नाही, पण तिथं वस्ताद सांगेल ते करायचं असतं. इथं उलट. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाईन यांनी १९४७ सालीच मांडलंय : वाट मूल दाखवणार, मोठ्यानं मागून जायचं. बंधनं मोजकीच, म्हणजे मारायचं नाही, मोडतोड नाही. बोलून सांगण्याइतके शब्द लहान मुलाकडं नसतात, म्हणून खेळ. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांपुढं बाहुल्या ठेवल्या तर ती उठून जातील. त्यांच्याशी बोलावं लागतं, आणि बरेचदा आईबापांनाही सोबत बसवावं लागतं.
रंकाळ्यावरचा, घरी बोलणं आणि शाळेत मुकं राहणं याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात. तो हट्ट नसतो, भीती असते. भाच्याला तेच आहे का, हे तपासणारा ठरवेल. असलं तर मात्र नुसती वाळू पुरणार नाही. शाळेलाही सोबत घ्यावं लागतं : आधी एका मित्राशी कुजबुज, मग बाईंशी, असं पायरीपायरीनं.

हिशेबी: माझी हरकत वेगळी. दोन दिवसांची कार्यशाळा करून पाट्या लावणारे वाढलेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील तर आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा. विचारल्यावर नाक मुरडणाऱ्याकडं जाऊ नका. पैशाची अडचण असेल तर आधी सीपीआर या सरकारी दवाखान्यात दाखवा, किंवा १४४१६ ला फोन करा. टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, फुकट, मराठीतही बोलतात.

रंकाळ्यावरचा: हट्ट नाही, हे बहिणीला वाचून दाखवलं. रडली. रोज ओरडायची ना त्याला. जाऊन बघतो एकदा. पण तिच्या सासूबाईंना काय सांगायचं? "पोराला वेड लागलं का?" हे ठरलेलं.

कुंभारगल्ली: आम्ही चित्रकलेचा क्लास सांगितला होता.

हिशेबी: आणि सासूबाईंनी चित्र मागितलं तर?

कुंभारगल्ली: मागितलं की! दर रविवारी मी बसून काढायचे.