शब्दचर्चा : 'वैरणे' म्हणजे नेमकं काय?

सदाशिव पेठेतलं जुनं घर आवरताना आजेसासूबाईंची पाककृतींची वही मिळाली. ती टंकून ठेवतेय. पिठल्यात एक ओळ आहे : 'फोडणीच्या पाण्यास खळखळून आधण आले म्हणजे पीठ वैरावे. पीठ १ चिपटे.' माझ्या भाचीने टंकताना 'पीठ घालावे' केलं, कारण वैरण तिला गुरांपुढची तेवढी माहीत. या बदलाने काही बिघडतं का? आणि चिपटे म्हणजे किती ग्रॅम लिहू?

ताई, पिठलंच बिघडतं! उकळत्या पाण्यात कोरडं पीठ किंवा धान्य थोडंथोडं सोडणं म्हणजे वैरणं. एका हाताच्या मुठीतून पीठ भुरभुरत सोडायचं आणि दुसऱ्या हातातली पळी थांबू द्यायची नाही. एकदम ओतलं की बाहेरचा थर शिजून घट्ट होतो, आत पाणी शिरत नाही, गुठळ्या होतात. हे सगळं त्या एका क्रियापदात आहे, 'घालावे'त नाही. आमच्या घरी पिठलं दोन प्रकारचं, वैरलेलं आणि कालवलेलं. कालवलेल्याचं पीठ आधी गार पाण्यात भिजवतात.

आधणात तांदूळही वैरतात. जात्याच्या तोंडात सोडायची धान्याची मूठ, तीही वैरण. हाताची हालचाल तीच. 'पेरणे' मात्र वेगळं : पीठ पेरून केलेल्या भाजीत पीठ वरून पसरतात, झाकण ठेवून वाफ आणतात, मग परततात.

पाककृती जपायची तर तिची क्रियापदं जपायला हवीत, असं मला फार वाटतं. रघुनाथ या पंडितांनी १७व्या शतकात 'भोजनकुतूहल' हा खाद्यपदार्थांवरचा ग्रंथ संस्कृतात लिहिला, तरी पदार्थांची मराठी नावं दिली. म्हणून तर आपल्याच पुण्यात भांडारकर संस्थेत बसून संशोधक प. कृ. गोडे यांना त्यावरून खाद्येतिहास लिहिता आला. आपण मराठीतून मराठीत उतरवताना शब्द का गाळावेत?

चिपट्याबद्दल मी सांगतो. ते वजन नव्हे, भांड्याने मोजायचं माप. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. एक चिपटं पोहे आणि एक चिपटं तांदूळ यांचं वजन कसं सारखं भरेल? मूळ शब्द तसाच ठेवा, ग्रॅम कंसात द्या, आणि ते त्या-त्या जिनसाचे.

'वैरावे' परत केलंय. भाचीने काल स्वतः पीठ वैरून पाहिलं, एकही गुठळी नाही! आणि वहीच्या समासात बारीक अक्षरात सापडलं : 'चिपटे फडताळातले, काठ चेपलेले.' ते अजून घरात आहे. उद्या त्यात बेसन भरून तोलते.