निम्मी पोरं वर्षाअखेर गाळणार म्हणतात. पोरीला पाठवू का?

ऑर्गनवाला, वडसा

मंडळी, रामराम. मी वडसा-देसाईगंजजवळच्या एका खेड्यातला. चार एकर धान आहे, आणि दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकात ऑर्गन वाजवतो. सव्वीस हंगाम झाले. लिहिण्याची सवय नाही, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी पोरगी यंदा बारावी झाली. लहानपणापासून माझ्यासोबत रात्री काढल्या तिनं. आई ओरडायची, तरी टेम्पोत पडद्यांच्या गाठोड्यावर झोपून यायची. गाणं आधी माझ्याकडे, मग तीन वर्षं ब्रह्मपुरीला एका बाईंकडे शिकली. आता मुंबईच्या एका खाजगी संस्थेत म्युझिकल थिएटरच्या तीन वर्षांच्या डिप्लोमाला तिचं नाव लागलं आहे. गाणं, नाच, अभिनय, तिन्ही एकत्र. पहिल्या फेरीला व्हिडिओ पाठवायचा होता. बाहेर राइस मिलचा आवाज, म्हणून आम्ही तो घरातल्या धानाच्या खोलीत काढला. चार वेळा नाचताना तिचा पाय पोत्याला अडकला, पाचव्या वेळी जमलं. दुसऱ्या फेरीला मुंबईला गेलो. पोरगी आत दहा मिनिटं होती, मी बाहेर तीन तास.

फी वर्षाला दोन लाख चाळीस हजार. राहणं-खाणं वेगळं. साध्या धानाचा २०२५-२६ चा हमीभाव २३६९ रुपये क्विंटल. म्हणजे नुसत्या फीलाच शंभर क्विंटलच्या वर धान लागते. माझ्या चार एकरात चांगल्या साली साठ-पासष्ट होते. तरी कर्ज काढू, बहिणीनं मदत करतो म्हटलं आहे. तो प्रश्न माझा मी पाहतो.

खरी अडचण माहितीपत्रकाच्या आठव्या पानावर आहे. पहिल्या वर्षाला तीस जण घेणार. वर्षाअखेर मूल्यमापन. दुसऱ्या वर्षाला सोळा. संस्थेचा निर्णय अंतिम, फी परत नाही. पोरगी म्हणते, बाबा याला कट म्हणतात, अमेरिकेतल्या कॉलेजांत असंच असते.

काढून टाकणं मला नवीन नाही. २००३ च्या हंगामात एका मंडळानं मला मधेच काढलं. कीबोर्डवाला पोरगा आणला होता, शिट्टीपासून घोड्याच्या टापांपर्यंत सगळे आवाज काढायचा. नाटक सुटलं पहाटे चारला, मॅनेजर म्हणाला, उद्यापासून येऊ नका. पेटारा, पाय-भाता आणि मी, तिघं शेकोटीजवळ बसून होतो. शंकरपटावरून, म्हणजे बैलांच्या शर्यतीवरून, परतणाऱ्या एका खासरवाल्यानं (खासर म्हणजे हलकी बैलगाडी) सामान रस्त्यापर्यंत आणून दिलं. लाज वाटली, खोटं कशाला बोलू. पण एकोणीस नाईटचे, म्हणजे प्रयोगांचे, पैसे त्यानं तिथंच मोजून दिले, आणि दुसऱ्या दिवशी वडशात दुसऱ्या मंडळाच्या ऑफिसात जाऊन मी संध्याकाळच्या गाडीत बसलो.

इथं मात्र उलटं आहे. काढून टाकायचे पैसे आपणच आधी भरायचे. मग घरी परत येताना पोरीच्या हातात काय असणार? तीस घेतले म्हणजे तिसाची फी आली. सोळाच शिकवायचे आहेत तर सोळाच घ्या ना बापा!

कोणाला अशा शिक्षणाचा अनुभव असेल तर सांगा. नुसतं "कलेच्या क्षेत्रात स्पर्धा असतेच" एवढं सांगू नका, ते माहीत आहे.

सक्करदऱ्याचा भाऊ

काकाजी, मी उलटं बोलतो, राग मानू नका. पाठवा पोरीले. मी बारा वर्षं झाले राज्य नाट्य स्पर्धेत नाटकं करून रायलो. आमच्यात कोणी कोणाले सांगतच नाही का बाबू, तुले हे जमत नाही. माझा एक दोस्त पस्तिशी ओलांडेपर्यंत "पुढच्या वर्षी हिरो" करत बसला. नोकरी धरली नाही, लग्न मोडलं. त्याले अठराव्या वर्षी कोणी तोंडावर सांगितलं असतं तर दुवा दिली असती त्यानं.

आन सोळा पोरं म्हणजे मास्तरले एकेकाले वेळ देता येते. गाणं काही पन्नास जणांच्या वर्गात शिकवता येत नाही, हे तुमच्यापेक्षा कोणाले माहीत.

ऑर्गनवाला, वडसा

राग कशाचा भाऊ. तोंडावर सांगावं हे मलाही पटते. पण तुमच्या दोस्ताला कोणी फुकटातही सांगितलं नाही, आणि माझ्या पोरीला अडीच लाख घेऊन सांगणार. एवढाच फरक मला दिसते.

ब्रह्मपुरीची माहेरवाशीण, सध्या शिकागो

दादा, ब्रह्मपुरीचं नाव वाचलं आणि राहवलं नाही. माझा मुलगा इकडे याच शिक्षणाला गेला, म्हणून प्रवेशाच्या वेळी मी हे सगळं खोदून काढलं होतं.

तुमची मुलगी म्हणते ते अर्धं खरं आहे. इकडे म्युझिकल थिएटरची चार वर्षांची पदवी असते, बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स) म्हणतात. सिनसिनाटी विद्यापीठाच्या संगीत महाविद्यालयानं साठच्या दशकाच्या शेवटी ही पदवी सुरू केली, ती अमेरिकेतली पहिल्या काहींपैकी. नाट्यशिक्षणाच्या बऱ्याच नावाजलेल्या ठिकाणी पूर्वी कट होता. आमच्या शिकागोत डीपॉल विद्यापीठाची थिएटर स्कूल त्यासाठी प्रसिद्धच होती. पहिल्या वर्षानंतर वर्ग जवळजवळ निम्मा व्हायचा. न्यूयॉर्कच्या ज्युलियार्डच्या नाटक विभागातही दुसऱ्या वर्षानंतर मुलांना काढायचे. पण दादा, या दोन्ही ठिकाणी ती पद्धत आता बंद आहे. ज्युलियार्डमध्ये जेम्स हौटन विभागप्रमुख झाले, त्यांच्या काळात थांबली. म्हणजे "अमेरिकेत असंच असतं" म्हणून कोणी नियम विकत असेल, तर माल जुना आहे.

बाजूनं बोलणारे म्हणायचे की काही मिनिटांच्या ऑडिशनमध्ये अठरा वर्षांच्या मुलाचं काही कळत नाही, म्हणून जास्त घ्यायचे आणि वर्षभर पाहायचं. यात तथ्य आहे. शेकडो मुलं येतात, घ्यायची असतात वीसेक. पण कटच्या वर्गात मुलं शिकतच नाहीत, असं माझ्या मुलाच्या जुन्या शिक्षिका सांगायच्या. जे आधीपासून येतं तेवढंच परत परत दाखवतात. ज्याला नाच येत नाही तो नाचाच्या वर्गात मागे लपतो, कारण पुढे उभा राहिला तर दिसेल आणि दिसलं तर कटेल. आता सांगा, फी कशाची भरली?

आणखी एक. कट नाही म्हणणाऱ्या कॉलेजांतही छुपा कट असतो. काढत नाहीत, पण मोठ्या नाटकात भूमिकाच देत नाहीत. मूल चार वर्षं पडद्यामागे इस्त्री करतं. हेही विचारून घ्या. आणि इकडे गळालेल्या मुलाला दुसरीकडे बीएफएला जायचं तर बहुतेक वेळा परत पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागते. ते वर्ष आणि ते पैसे गेलेच.

गोंदियाची

मी गळाले आहे. अमेरिकेत नाही, आपल्याच देशात, वेगळ्या शहरात. संस्थेचं नाव लिहीत नाही.

संध्याकाळी सहा वाजता दारावर कागद चिकटवला. नावं नाही, नुसते रोल नंबर. माझा सतरा होता. कागदावर सोळानंतर थेट एकोणीस. अठरा नंबरची माझी खोलीतली मैत्रीण, ती मागून विचारत होती, "आहे का गं, आहे का?" चार दिवसांत होस्टेल रिकामं करायचं होतं.

कारण विचारायला गेले तर म्हणाले, उच्चार. वर्षभरात एकदाही कोणी सांगितलं नव्हतं की माझा ण लागत नाही. मी पानी म्हणते, लोनी म्हणते, आमच्या घरी सगळेच म्हणतात. सांगितलं असतं तर दोन महिन्यांत बसवला असता. घरी आल्यावर बसवलाच, आरशासमोर, आजी हसायची. आज मी जाहिरातींना आवाज देते आणि कोणाला कळत नाही मी कुठली.

त्या वर्षात काहीच मिळालं नाही असं म्हणणार नाही. श्वास कसा साठवायचा, नाचता नाचता ओळ कशी सोडायची नाही, हे तिथंच शिकले. पण हातात कागद नव्हता. वडिलांनी दोन वर्षं गावात "शिकते आहे" एवढंच सांगितलं.

काकाजी, पोरीला पाठवलं तर तिला दर महिन्याला एकच गोष्ट विचारायला लावा. माझं काय कमी पडतं आहे? तोंडी नाही, लिहून मागायचं.

नाट्यशिक्षक, पुणे

वीसेक वर्षं शिकवतो आहे, म्हणून थोडं तांत्रिक.

आपल्याकडच्या सरकारी शिक्षणात निम्मे गाळायची रीत नाही. राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ पासून आहे. जी काय चाळणी लावायची ती ते प्रवेशाच्या वेळी लावतात, आणि घेतलेल्यांना तीन वर्षं विद्यावेतन देऊन शिकवतात. पण तिथं पदवी लागते, त्यामुळे तुमच्या मुलीसाठी आत्ता नाही. मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्सही पदवीनंतरची. बारावीनंतर बघायचं तर पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, १९८७ पासूनचं. संगीत, नृत्य, नाटक तिन्ही एकाच आवारात. फी तुमच्या आकड्याच्या जवळपासही नाही. म्युझिकल थिएटर या नावाचा अभ्यासक्रम तो नव्हे, हे मान्य. तरी १८८० ला अण्णासाहेब किर्लोस्करांनी संगीत शाकुंतल उभं केलं तेव्हा कुठल्या डिप्लोमाचं नाव घेतलं होतं!

आता मुंबईच्या संस्थेबद्दल. पहिला प्रश्न त्यांना हा विचारा की तुमचा डिप्लोमा कुठल्या विद्यापीठाशी जोडलेला आहे का. २०२० च्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून एका वर्षानंतर बाहेर पडलं तरी ठरलेले श्रेयांक (क्रेडिट) पूर्ण असतील तर प्रमाणपत्र मिळू शकतं, आणि ते श्रेयांक अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात. वरच्या ताईंच्या हातात जो कागद नव्हता, तो हा. पूर्ण खाजगी डिप्लोमा असेल तर यातलं काहीच लागू नाही, मग ते देतील तेच.

दुसरं, मूल्यमापनात कशाला किती गुण हे आधी लिहून देतात का. आणि सहामाहीला इशारा देतात का. अठरा वर्षांच्या मुलीचा आवाज अजून बसतोय. जूनमध्ये फुटणारा स्वर पुढच्या मार्चमध्ये गोल होतो, मी पाहिलंय. बारा महिन्यांत निकाल लावायचा म्हणजे बहुधा जी मुलं आधीच शहरातल्या वर्गांत शिकून आली त्यांनाच ठेवायचं.

सक्करदऱ्याचा भाऊ

गोंदियाच्या ताई, तुमचं वाचून गप झालो. तरी कट पाहिजेच या मतावर आहो मी. फक्त दारावर कागद चिकटवणाऱ्याले आधी कटवा.

ऑर्गनवाला, वडसा

सगळ्यांचे आभार. ब्रह्मपुरीच्या ताई, तुमची माहिती पोरीला वाचून दाखवली. "माल जुना आहे" यावर ती हसली, मग बराच वेळ बोलली नाही.

संस्थेला फोन केला. एक बाई बोलल्या, बोलणं गोड. विद्यापीठाशी जोडलेलं आहे का? नाही, आमचा स्वतःचा डिप्लोमा. एका वर्षानंतर प्रमाणपत्र? सहभागाचं देतो. गुणांचा तक्ता? तो अंतर्गत असतो. सहामाहीला सांगता का? शिक्षक सांगतातच ना. गळालेले पुढं काय करतात, हे विचारलं तर म्हणाल्या, सर ते आम्ही ट्रॅक करत नाही. शेवटी त्यांनीच आठवण दिली की पहिला हप्ता पंधरा तारखेपर्यंत.

सहभागाचं प्रमाणपत्र आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गोणपाट शर्यतीतही देतात.

मी नाही म्हणून टाकणार होतो. पण पोरीनं मला बसवलं. ती म्हणाली, तुम्ही मोठ्या मंडळात पहिल्यांदा गेले तेव्हा तुम्हाला ठेवतील हे लिहून दिलं होतं काय? मी म्हटलं, नाही, पण मी त्यांना पैसेही दिले नव्हते. यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही पुढं काही नव्हतं. तिच्या आईनं मधेच विचारलं, हिचा ण लागते काय? पोरीनं तिथल्या तिथं "पाणी, लोणी, रोवणी" म्हणून दाखवलं. दोन बरोबर, रोवणी चुकली. रोवणी म्हणजे धानाची लावणी, तिचा ण आमच्यापैकी कोणाच्याच तोंडून निघत नाही, आणि हा शब्द तर सगळ्यात जास्त लागते.

रात्री तिनंच त्या संस्थेला ईमेल लिहिला. मराठीत, पाच ओळींचा. गुण कसे देणार ते लिहून द्या, सहामाहीला कमी काय ते लिहून द्या, आणि काढलं तर अर्धी फी परत द्या. तिसरी मागणी तिची स्वतःची, मी शिकवली नाही. सोबत पुण्याच्या ललित कला केंद्राची वेबसाइटही उघडून ठेवली आहे, आणि वडशात एका मंडळाला सांगून ठेवलं आहे की दसऱ्याला विचारा. मागच्या हंगामात तिनं बावीस नाईट केल्या, आठशे रुपयांनी. सतरा हजार सहाशे पोस्टात आहेत. हे माझे, म्हणते, यातले संस्थेला द्यायचे नाहीत.

चार दिवस झाले, ईमेलचं उत्तर नाही. बांधीत पाणी भरलं आहे, उद्या बाया येणार आहेत रोवणीला. पंधरा तारखेपर्यंत काय झालं ते इथंच लिहितो.