मदत हवी आहे: मधुमेही बोक्याचं इन्सुलिन, उरलेलं २८ दिवसांनी फेकायचं का? (ठाणे)

मंडळी नमस्कार. मी ठाण्यात मानपाड्याला राहते. आमचा बंड्या, वय ११, नसबंदी झालेला, एकेकाळी साडेसहा किलोचा गडी. मार्चमध्ये भांडंच्या भांडं पाणी प्यायला लागला. त्याच्या ट्रेमधले वाळूचे गोळे लिंबाएवढे असायचे, ते पेरूएवढे झाले. ऊन वाढलंय म्हणून असेल, असं म्हणत मी पंधरा दिवस घालवले. मग एक दिवस बघते तर मागचे पाय पार टाचांपर्यंत टेकवून चालतोय. डॉक्टरांकडे नेलं तर साखर ४१२. दवाखान्यात घाबरूनही मांजरांची साखर चढते, म्हणून त्यांनी फ्रुक्टोसामीनही (मागच्या काही दिवसांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) करून घेतलं. तेही वाढलेलं निघालं. आता ग्लार्जिन इन्सुलिन चालू आहे, सकाळी ७ ला एक युनिट, संध्याकाळी ७ ला एक.

टोचायला बंड्या काही करत नाही, ताटलीत तोंड असलं की त्याला सुई कळतही नाही. गाडं अडलंय हिशोबात. कार्ट्रिज (इन्सुलिनची छोटी नळी) ३ मिलीचं, मिलीला १०० युनिट, म्हणजे एकूण ३००. खोक्यातल्या कागदावर लिहिलंय, वापरायला काढल्यावर २८ दिवस. म्हणजे ५६ युनिट बंड्याला आणि २४४ कचऱ्याला! वर दर महिन्याला ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणि ओलं खाणं आहेच. (दूधभात बंद केल्यापासून सासूबाई माझ्याशी जरा तुटकच बोलतात.)

त्यात फ्रिज जुना, एकदारी. पहिलं कार्ट्रिज मी बर्फाच्या कप्प्याखालच्या ट्रेमध्ये ठेवलं होतं. घरी पाहुणे येणार म्हणून कुणीतरी बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि सकाळी कोथिंबिरीची जुडी काचेसारखी कडक. कार्ट्रिज हातात घेऊन पाहिलं तर आत बर्फाची बारीक सुई दिसत होती. वितळल्यावर पुन्हा पाण्यासारखं नितळ, म्हणून वापरलं. चार दिवस साखर साडेतीनशेच्या खाली येईना. शेवटी फेकलं.

दुसरा घोळ सिरिंजचा. दुकानदाराने न विचारता लाल टोपणाच्या दिल्या, मीही घेतल्या. त्या ४० च्या, म्हणजे मिलीला ४० युनिट असलेल्या इन्सुलिनच्या होत्या. त्यातली एक रेघ म्हणजे १०० च्या इन्सुलिनची अडीच युनिट! दुपारी बंड्या झोकांड्या खायला लागला, हाक मारली तरी बघेना. हिरड्यांना मध चोळला आणि रिक्षाने नौपाड्यात डॉक्टरांकडे पळाले. वाचला.

तर विचारायचं असं, की २८ दिवसांनंतर तुम्ही काय करता? स्वस्तात कुठून घेता? आणि आमच्याकडे शुक्रवारी दुरुस्तीसाठी तीन-चार तास वीज जाते, तेव्हा इन्सुलिनचं काय? मे महिना आहे, स्वयंपाकघरात उभं राहवत नाही.

प्रतिसाद १ (नेरूळ)
ताई, आमची मनी तीन वर्षं ग्लार्जिनवर होती. तो २८ दिवसांचा आकडा साध्या तापमानाला, म्हणजे ३० अंशांच्या आत ठेवून वापरणाऱ्या माणसांसाठी आहे. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की उघडल्यापासून कायम फ्रिजमध्येच ठेवा, नितळ आहे आणि साखर आटोक्यात आहे तोवर चालवा. आम्ही एक कार्ट्रिज साधारण तीन महिने वापरायचो. तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा. गढूळ दिसलं, कण तरंगले किंवा साखर विनाकारण चढायला लागली, तर मोह न धरता फेकायचं. गोठलेलं तर दिसायला चांगलं असलं तरी गेलंच समजा, तुम्ही अनुभव घेतलाच आहे.

जागा म्हणाल तर मधल्या फळीवर, पुढच्या बाजूला, झाकणाच्या डब्यात. दारात नको, दर वेळी उघडताना गरम हवा लागते. डब्यात एक साधा थर्मामीटर टाकून ठेवा, २ ते ८ मध्ये राहिला पाहिजे. चार तास वीज गेली तर फ्रिज उघडायचाच नाही, बास. माठात ठेवायचा सल्ला कुणी देईल. कोरड्या गावात माठ उत्तम, पण आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत पाणी उडतच नाही, मग गारवा कुठून येणार? प्रवासात थर्मास चालतो, फक्त कार्ट्रिज रुमालात गुंडाळा, बर्फाला चिकटू देऊ नका.

प्रतिसाद २
मी औषधाच्या दुकानात काउंटरवर असतो. सिरिंज घेताना तोंडाने सांगत जा, "शंभरची, नारिंगी टोपण". आणि बाटलीवरचा आकडा सिरिंजवरच्या आकड्याशी जुळवल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका. आपल्याकडे ४० च्या बाटल्या अजून भरपूर खपतात, म्हणून हे होतं.

स्वस्ताचं म्हणाल तर ग्लार्जिन २०२२ पासून अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, त्यामुळे किमतीवर सरकारी मर्यादा आहे. लॅन्टसच पाहिजे असं नाही. बॅसालॉग, ग्लॅरिटस हीसुद्धा ग्लार्जिनच, डॉक्टरांना विचारून बदला आणि बदलल्यावर आठवडाभर साखर जास्त वेळा बघा. जनऔषधी केंद्रातही चौकशी करा. दहा मिलीची बाटली मिलीमागे स्वस्त वाटेल, पण १००० युनिट तुमचा बोका कधी संपवणार? कुरिअरने मात्र मागवू नका. टेम्पोत दुपारभर तापलेलं इन्सुलिन दिसायला तसंच दिसतं. आणि कार्ट्रिजमधून सिरिंजने काढताना आत हवा सोडू नका, जास्त आलेलं परत ढकलू नका.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. डॉक्टरांशी फोनवर बोलले, तेही म्हणाले फ्रिजमध्ये राहिलं तर दोन महिने बिनधास्त वापरा, पुढचं पट्टी बघून ठरवू. मधल्या फळीवर डबा ठेवलाय, थर्मामीटर ५ दाखवतोय, आणि फ्रिजच्या बटणावर चिकटपट्टी मारली आहे. देशी ग्लार्जिनची चिठ्ठीही घेतली. चिठ्ठीवर "बंड्या, ११ वर्षे" वाचून दुकानदार हळहळला, एवढ्या लहान मुलाला साखर! मी खुलासा केला नाही.

आता एकच राहिलं. साखर उतरतेय, डॉक्टर डोस अर्ध्या युनिटवर आणायचं म्हणतायत. अर्ध्या युनिटच्या रेघा असलेल्या ०.३ मिलीच्या सिरिंज ठाणे स्टेशन ते वाशी या पट्ट्यात कुणाला मिळाल्या आहेत का? परळला बैलघोड्याच्या हॉस्पिटलाबाहेरच्या दुकानांत मिळत असतील तर तिकडेही जाईन, गाडी थेट आहे.