लास्लो पाप: २९ व्यावसायिक लढती, हार शून्य, तरी जागतिक किताबाची लढत का नाही?

कोपरा_लाल
हंगेरीच्या लास्लो पापने १९४८, १९५२ आणि १९५६ अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं घेतली. १९५७ मध्ये, वयाच्या ३१व्या वर्षी तो व्यावसायिक झाला. २७ विजय, २ बरोबरी, पराभव नाही. तरीही जागतिक किताबासाठी एकदाही रिंगणात उतरला नाही. समोरचे बॉक्सर कच्चे होते का? आणि तीन फेऱ्यांची सवय असलेला माणूस त्या वयात पंधरा फेऱ्या कशा काढू शकला?

मिडलवेट
प्रतिस्पर्धी कच्चे मुळीच नव्हते. १९६२ मध्ये व्हिएन्नात डेन्मार्कच्या ख्रिस ख्रिस्टेन्सनला हरवून त्याने युरोपीय मिडलवेट (७२.५७ किलोपर्यंतचा वजनगट) किताब घेतला आणि सहा वेळा राखला. त्यातली एक लढत माद्रिदमध्ये, लुईस फोयेदोच्या घरच्या प्रेक्षकांसमोर, तीही नॉकआउटने. ऑलिंपिकमध्येही बघा: १९५६च्या अंतिम फेरीत त्याने होजे टोरेसला हरवलं, तोच टोरेस १९६५ मध्ये लाइट हेवीवेटचा जगज्जेता झाला.

अडचण सरकारची होती. हंगेरीत व्यावसायिक बॉक्सिंगच नव्हतं, म्हणून तो सराव व्हिएन्नात करायचा आणि लढती परदेशात. ही खास परवानगी होती, आणि परवानगी काढूनही घेता येते. जागतिक किताब जोई जिआर्डेलोकडे असताना, पाप त्या लढतीच्या उंबरठ्यावर होता. तेव्हाच पैशासाठी लढणं समाजवादी तत्त्वांत बसत नाही, असं सांगून त्याला देशाबाहेर जाऊ दिलं नाही. ऑक्टोबर १९६४ मधली मिक लेहीविरुद्धची लढत शेवटची ठरली. माझ्या मते बॉक्सिंगमधल्या सर्वांत मोठ्या अन्यायांपैकी हा एक.

डावा_पवित्रा
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. नऊ मिनिटांवरून पंचेचाळीस मिनिटांवर जायचं तर पहिली चूक होते ती वेगाची. हौशी बॉक्सर पहिल्या ठोक्यापासून गुण गोळा करायला धावतो आणि सातव्या-आठव्या फेरीत पाय जड होतात. पापचं तसं झालं नाही. १९६३ मध्ये जॉर्ज ऑल्ड्रिजला त्याने थेट पंधराव्या फेरीत थांबवलं.

यात त्याच्या डावखुरेपणाचाही वाटा. उजवा पाय पुढे, जोरकस डावा हात मागे. समोरचा उजव्या हाताचा असेल तर त्याची उजवी बगल या डाव्या हातासमोर उघडी पडते, आणि यकृत त्याच बाजूला. पोटावरचे ठोसे लगेच दिसत नाहीत, पण पाचव्या-सहाव्या फेरीनंतर समोरच्याची कोपरं खाली येतात आणि मग हनुवटी मोकळी. तीन फेऱ्यांत या गुंतवणुकीचं फळ मिळायला वेळच नसतो.

शिवाय त्या काळच्या हौशी लढतींत ना हेडगार्ड होतं (ऑलिंपिकमध्ये ते १९८४ मध्ये आलं, पुरुषांसाठी २०१६ मध्ये गेलं), ना यंत्रावर बटण दाबून गुण देणं. त्यामुळे हौशी आणि व्यावसायिक खेळांतलं अंतर नंतरच्या काही दशकांपेक्षा कमी होतं.

कोपरा_लाल
मग नंतरच्या हंगेरियन बॉक्सरना हे जास्त जड गेलं असणार? वजनगटाचं गणित कसं जमवलं त्यांनी?

मिडलवेट
पापला वजन फार हलवावं लागलं नाही. १९५२ आणि १९५६ मध्ये तो ७१ किलोत होता, व्यावसायिक मिडलवेटची मर्यादा ७२.५७. इश्तवान कोवाचने १९९६ मध्ये अटलांटाचं सुवर्ण ५४ किलोत घेतलं, व्यावसायिक म्हणून फेदरवेट (५७.१५) निवडलं. २००१च्या जानेवारीत डब्ल्यूबीओ (जागतिक किताब देणाऱ्या संघटनांपैकी एक) किताब जिंकला, पण जूनमध्ये बुडापेस्टमध्ये हुलिओ पाब्लो चाकोनने तो काढून घेतला. कारकिर्दीतला त्याचा तो एकमेव पराभव.

झोल्ट एर्डेई आणखी वरच्या गटांत गेला. २००० च्या सिडनीत ७५ किलोत कांस्य, मग जर्मनीत हॅम्बुर्गला मुक्काम. सिडनीनंतर चार वर्षांच्या आत, जानेवारी २००४ मध्ये तो लाइट हेवीवेटचा (७९.३८) डब्ल्यूबीओ विजेता झाला, अकरा वेळा किताब राखला, आणि २००९ मध्ये त्याहून जड क्रूझरवेटमध्ये जाऊन डब्ल्यूबीसी या दुसऱ्या संघटनेचा जागतिक किताबही घेतला. वजन वाढवायचंच असेल तर असं टप्प्याटप्प्याने. एकदम दोन गट वर गेलं की ठोशाचा जोर तोच राहतो आणि समोरून येणारा मात्र वाढतो.

या दोघांनाही पापला नाकारलेली एक गोष्ट मिळाली होती: हवं तेव्हा देशाबाहेर पडायची मुभा.