धूमकेतू बघायला नाशिकजवळ कुठे जावं? टेलिस्कोप घेऊ का?

इंदिरानगरची आई: मुलगी सातवीत आहे, धूमकेतूंचं वेड लागलंय. पुढचा चांगला धूमकेतू तिला दाखवायचाच आहे. गच्चीवरून दिव्यांमुळे काही दिसत नाही. टेलिस्कोप घ्यावा का? त्र्यंबककडे गेलं तर चालेल?

गोदाकाठ: ताई, टेलिस्कोप आत्ता नको. १०×५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर; १० पट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची) घ्या. शेपटी लाखो किलोमीटर पसरलेली असते, टेलिस्कोपात तिचा जेमतेम तुकडा मावतो.

जागा दिशेवरून ठरवा. सूर्याजवळ आल्यावर धूमकेतूतल्या बर्फाची थेट वाफ होते, सोबत धूळ उडते, तेव्हाच तो उजळतो. म्हणून ऐन भरातला धूमकेतू बहुतेकदा सूर्यास्तानंतर पश्चिमेला नाहीतर पहाटे पूर्वेला, क्षितिजालगत सापडतो. संध्याकाळी त्र्यंबकला ब्रह्मगिरी आडवा येतो. गंगापूर धरणाच्या नाशिककडच्या काठावरून पाण्यापलीकडे पश्चिम बरीच मोकळी मिळते. पहाटेचा असेल तर त्र्यंबक रोड नकोच, पूर्वेला सगळा शहराचा उजेड. सिन्नर किंवा निफाडच्या पुढे जा. आणि पौर्णिमेच्या आसपासचे दिवस टाळा.

सिन्नरकर: गोदाकाठ यांच्याशी सहमत. फक्त मुलीला आधीपासून शब्द देऊ नका. २०१३ मध्ये आयसॉन धूमकेतूचा केवढा गाजावाजा झाला होता! २८ नोव्हेंबरला सूर्याला वळसा घालतानाच तो विखुरला. सूर्याजवळून वाचून बाहेर पडला की मगच बेत आखा.

तिला रोज वहीत चित्र काढायला सांगा, सूर्य कुठल्या बाजूला मावळला त्याची खूण करून. शेपटी कायम सूर्याच्या विरुद्ध बाजूला असते, त्यामुळे परत जाताना धूमकेतू शेपटी पुढे करून जातो. हे तिचं तिला कळू द्या, खूप आनंद होतो मुलांना. सरळ निळसर शेपटी वायूची, वाकलेली पिवळसर धुळीची.

इंदिरानगरची आई: खूप आभार दोघांचे. पण तोवर काय दाखवू? हॅले तर २०६१ ला येणार.

गोदाकाठ: त्याची धूळ दरवर्षी येते की! मेच्या पहिल्या आठवड्यात पहाटे पूर्वेला ईटा अ‍ॅक्वेरिड्सचा उल्कावर्षाव असतो, तो हॅलेच्याच धुळीचा. काही उपकरण लागत नाही, आणि तेव्हा आपल्याकडे आभाळही बहुधा निरभ्र असतं. ऑक्टोबरातले ओरायनिड्सही त्याचेच, पण तेव्हा परतीच्या पावसाचा भरवसा नाही.

इंदिरानगरची आई: मग मेमध्ये सिन्नरकडेच. द्विनेत्री ऑनलाइन मागवू?

सिन्नरकर: शक्यतो दुकानात हातात घेऊन बघा. दोन्ही डोळ्यांनी चित्र एकच दिसायला हवं. दोन दिसली तर ती घेऊ नका.