२१ महिने वापरलेला महागडा अँड्रॉइड: बॅटरी बदलू की फोनच?

गोठ्यातला डॉक्टर

मंडळी, मार्च २०२४ मध्ये मी सत्तर हजारांचा अँड्रॉइड फोन घेतला. स्नॅपड्रॅगन ८ जेन ३ प्रोसेसर, तिप्पट झूमचा वेगळा कॅमेरा, १०० वॉटचा चार्जर वगैरे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की इथे दोन पार्ट्या पडतात आणि प्रश्न राहतो बाजूला. घेतला त्या दिवशी बायको म्हणाली, "एवढ्यात एचएफ गाय आली असती. दूध तरी दिलं असतं."

मी संगमनेरच्या बाजूला जनावरांचा डॉक्टर आहे. रोज साठ-सत्तर किलोमीटर मोटारसायकल, दहा-बारा गोठे. रिव्ह्यूवाले आठवडाभर गेम खेळून निकाल देतात, म्हणून आधी माझा २१ महिन्यांचा हिशोब मांडतो.

सगळ्यात जास्त वसूल झाला तो झूम. विमा असो की लसीकरणाची नोंद, जनावराच्या कानातल्या पिवळ्या टॅगवरचा १२ अंकी आकडा लागतो. आकडा शेणानं माखलेला आणि म्हैस अनोळखी माणसाला कानाजवळ येऊ देत नाही. पूर्वी दोघांनी धरायची, तिसऱ्यानं कान पुसायचा, मी वाचायचं, आणि लाथ बहुधा मलाच. आता गव्हाणीच्या पलीकडून तिप्पट झूमनं फोटो काढतो आणि घरी जाऊन आकडा वाचतो. दुकानदारानं झूम दाखवताना समोरच्या इमारतीवरची पाटी दाखवली होती. म्हैस त्याच्या डोक्यात नसणार.

रात्रीचा कॅमेरा मात्र गोड बोलून फसवतो. गेल्या पावसाळ्यात एका कालवडीच्या मानेवर गाठी होत्या. लम्पी की आणखी काही, अशी शंका होती, म्हणून माझ्या कॉलेजातल्या सरांना फोटो पाठवला. गोठ्यात एकच पिवळा बल्ब. सरांचं उत्तर आलं, "कातडी तर छान तुकतुकीत आहे, कशाबद्दल विचारतोयस?" अंधारात फोटोत येणारे बारीक ठिपके फोन पुसून टाकतो आणि त्यांच्याबरोबर गाठींचा खडबडीतपणाही पुसतो. लग्नात ठीक आहे, नवरी खूश होते. मला रोग दिसायला हवा. आता जनावराच्या मालकाला टॉर्च बाजूनं तिरपा धरायला सांगतो आणि प्रो मोडमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याची सेटिंग स्वतः हातानं लावून, काढतो. सावली पडली की गाठ दिसते.

बोटाचा ठसा पडद्याखाली, प्रकाशावर चालणारा. अडलेलं वासरू काढून हात धुतले की तासभर तो मला ओळखत नाही. पिन टाकावा तर ओल्या पडद्यावर भलताच आकडा पडतो. मे महिन्याच्या उन्हात पडदा सुरुवातीला झकास दिसतो, पण फोन तापला की स्वतःच मंद होतो. साडेचार हजार निट्स (पडद्याच्या उजेडाचं माप) म्हणून जाहिरात होती, तो उजेड पडद्याच्या छोट्याशा भागापुरता, तोही एचडीआर नावाच्या खास झगझगीत व्हिडिओत. प्रोसेसरबद्दल काय सांगू, मी त्याच्यावर व्हॉट्सॲप चालवतो.

आता दुखणं. बॅटरीची क्षमता सेटिंगमध्ये ८१ टक्के दाखवतेय. सकाळी सहाला पूर्ण चार्ज करून निघालो की चारच्या सुमाराला लाल. आणि महिनाभरापासून मुख्य कॅमेरा उघडला की चित्र जेलीसारखं थरथरतं. झूमचा कॅमेरा ठणठणीत आहे. दुरुस्तीचा अंदाज बॅटरीला २,६०० आणि कॅमेऱ्याला ६,८००. एक्सचेंजमध्ये २१,००० मिळतायत, म्हणजे नव्यासाठी वर साठेक हजार घालावे लागतील. तुम्ही काय केलं असतं?

चिंचगूळ

डॉक्टर, रागावू नका, पण माझा फोन १८ हजारांचा आहे, तीन वर्षं चाललाय, व्हॉट्सॲप त्यावरही चालतं. २१ हजार घ्या, त्यात नवा १८ चा घ्या, उरलेल्या तीन हजारांत वहिनींना साडी. प्रश्न मिटला.

गोठ्यातला डॉक्टर

साडीचा मुद्दा घरात वाचून दाखवला, मत तुमच्या बाजूनं पडलं. पण त्या किमतीच्या फोनांत झूमचा वेगळा कॅमेरा मला तरी सापडला नाही. त्यांच्यात झूम म्हणजे मुख्य कॅमेऱ्याचाच फोटो कापून मोठा केलेला. भावाच्या तशा फोननं करून पाहिलं. ३ आणि ८ मधला फरक कळेना. १२ पैकी एक आकडा चुकला की विमा दुसऱ्याच्या गाईचा.

हीटगनवाला

कोल्हापुरात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, चौदा वर्षं झाली. डॉक्टर, एक विचारतो, खरं सांगा. नकाशा बघायला फोन मोटारसायकलच्या हँडलला लावता का?

गोठ्यातला डॉक्टर

लावतो. रोज. का?

हीटगनवाला

मग तुमच्या कॅमेऱ्याला काय झालंय ते इथून सांगतो. मुख्य कॅमेऱ्यात ओआयएस असतं. हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून लेन्स बारीक स्प्रिंगांवर तरंगती ठेवलेली असते. चुंबक आणि कॉइल मिळून तिला हाताच्या उलट दिशेला ढकलतात. ते माणसाच्या हातासाठी आहे. इंजिनाची थरथर हँडलमधून तासन्‌तास त्या स्प्रिंगांना बसली की जागा सुटते. माझ्याकडं थरथरणाऱ्या कॅमेऱ्याचा फोन आला की मी आधी गिऱ्हाइकाची गाडी विचारतो. डिलिव्हरीवाली पोरं, फायनान्सची वसुलीवाली, सगळी ह्याच दुखण्याची.

घरी एक करून बघा. फोन कानाशी धरून हळू हलवा. कॅमेरा बंद असताना थोडी खडखड येणारच, त्याला घाबरू नका. कॅमेरा चालू करून परत हलवा. आवाज थांबला तर चुंबकाचं कव्हर असलं तर काढा, फोन बंद करून चालू करा, बघा सुधरतंय का. नाही थांबला तर तो कॅमेरा बदलावाच लागणार.

बॅटरी तर बदलाच की. तिचे वैरी दोन: उष्णता आणि रात्रभर शंभर टक्क्यांवर बसून राहणं. तुमच्याकडं दोन्ही असणार. दुपारचं ऊन, खाली तापलेलं इंजिन, वर नकाशा आणि पडदा फुल्ल. सगळे चार्जरच्या वॉटला शिव्या देतात, पण १०० वॉटच्या बऱ्याच फोनांत बॅटरी दोन सेलांची असते, भार वाटून जातो. ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय सेटिंगमध्ये असली तर लावून टाका.

फक्त बॅटरी कंपनीचीच घाला. नऊशे रुपयांत मिळते ती सहा महिन्यांत फुगून माझ्याकडंच परत येते. आणि मागची काच तापवून एकदा उघडली की आतला गोंद कारखान्यासारखा परत बसतोच असं नाही. आयपी ६८ म्हणजे पाणी-धूळ आत न जाण्याचा दर्जा, त्याची चाचणी होते ती नव्या फोनची, स्वच्छ गोड्या पाण्यात. त्यात साबणाचं पाणी नाही आणि तुमच्या धंद्यातलं गोमूत्र तर अजिबात नाही. फोन नळाखाली धुता का?

गोठ्यातला डॉक्टर

धुतो. शेण लागतं हो. आता तुम्हाला सांगायलाही भीती वाटतेय.

हीटगनवाला

ओल्या फडक्यानं पुसा. नळ बंद.

श्टुटगार्टकर

मी मूळची सातारची, इथे जर्मनीत अकरा वर्षं. बॅटरीवरून आठवलं. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विकायला येणाऱ्या फोनांना नवे नियम लागले. ८०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावरही बॅटरीत निदान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे आणि मॉडेलची विक्री थांबल्यावर सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. फोनबरोबर फ्रिजसारखं लेबल येतं, त्यावर दुरुस्तीची सोय ए ते ई अशा अक्षरात. मी दुकानात आधी तेच बघते, कॅमेरा नंतर.

डॉक्टर, तुमच्या फोनला अपडेट कधीपर्यंत कबूल केलेत ते पाहिलंत का? गूगलनं ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला सात वर्षं सांगितली, सॅमसंगनं जानेवारी २०२४ मध्ये एस २४ ला तितकीच. तुमची मुदत वर्षभरात संपत असेल तर नऊ हजार घालू नका. बँकेचं सगळं त्याच फोनवर असणार.

गोठ्यातला डॉक्टर

पाहिलं. अँड्रॉइडच्या चार नव्या आवृत्त्या आणि पाच वर्षं सुरक्षेचे अपडेट. म्हणजे २०२९ च्या सुरुवातीपर्यंत चिंता नाही.

गोठ्यातला डॉक्टर (बारा दिवसांनंतर)

कानाशी धरून हलवला. कॅमेरा चालू केल्यावरही खडखड थांबली नाही, म्हणून दोन्ही कामं करून घेतली. ९,४०० गेले. तीन दिवस जुन्या बटणाच्या फोनवर काढले. त्या दिवसांत एकाही शेतकऱ्यानं "फोटो पाठवतो, बघून औषध सांगा" म्हटलं नाही. सगळे म्हणाले, "या."

काल पहाटे चारला अडलेल्या गाईसाठी निघालो ते रात्री आठला घरी, तेव्हा ३४ टक्के शिल्लक होती. दिवसभर फोन शर्टाच्या खिशात आणि नकाशा एका कानात बोलत. एकदा चुकीच्या वस्तीवर पोचलो, तिथेही एक आजारी शेळी निघाली. ओल्या हाताचा त्रास आहे तसाच. पुढचा फोन घेताना ध्वनिलहरींवर चालणारा ठसा बघेन, तो ओल्या बोटाला बरा म्हणतात. झूम तर लागेलच. बाकी काय वाट्टेल ते द्या.

हँडलवरचा स्टँड काढला. मुलानं तो सायकलला लावलाय आणि त्यात आईचा फोन अडकवून फिरतोय.

हीटगनवाला

सायकलला इंजिन नसतं, चालतंय. वहिनींचा फोन कितीचा आहे?